पुस्तकाला जामीन कोण?

जून महिना उजाडला की आमच्याकडे ओळखीचे पालक येऊ लागतात. कोणाच्या मुलाला पदवीच्या वर्गात प्रवेश हवा असतो, कोणाला शिष्यवृत्तीचा अर्ज भरून हवा असतो. अलीकडे आणखी एक प्रश्न वरचेवर कानी येतो. "सर, मुलीला एम. ए.ला प्रवेश मिळाला, पण तिच्या विषयाची पुस्तके कॉलेजात नाहीत. विकत घ्यावीत म्हटले तर ती आता छापूनच येत नाहीत. मग तिने शिकायचे कसे?" प्रश्न विचारणाऱ्याच्या घरात बहुधा पुस्तकांचे कपाट नसते. आमच्याही घरात ते नव्हते. दोन खोल्यांत आठ माणसे आणि भिंतीतल्या एका कोनाड्यात कुराणशरीफ व शाळेची क्रमिक पुस्तके, एवढाच आमचा ग्रंथसंग्रह.

या प्रश्नाला एक जुने उत्तर आहे. ग्रंथपाल त्याला आंतरग्रंथालयीन देवघेव म्हणतात. नाव अवघड असले तरी गोष्ट सोपी आहे. आपल्याला हवे असलेले पुस्तक आपल्या कॉलेजात नसेल, तर कॉलेजच्या ग्रंथालयाने विद्यापीठ ग्रंथालयाला लिहावे. तेथेही नसेल, तर विद्यापीठाने ज्या गावी ते असेल तेथील ग्रंथालयाला लिहावे. तेथून पुस्तक यावे, विद्यार्थ्याने ते वाचावे आणि मुदतीत परत जावे. एवढी साधी सोय असूनही आपल्या समाजातील फार थोड्या मुलांना ती ठाऊक असते. तिची हकीकत सांगताना मला सुरुवात ठाकूरद्वारापासून करावी लागते, कारण ग्रंथालय म्हणजे काय हे मी तेथे शिकलो.

भेंडी बाजारातून सी. पी. टँकमार्गे ठाकूरद्वारला पायी जायला मला वीस-पंचवीस मिनिटे लागत. वाटेत भाषा बदलत जाई. आमच्या गल्लीत उर्दू आणि कोकणी, पुढे गुजराती, आणि ठाकूरद्वारच्या नाक्याला पोचेपर्यंत शुद्ध गिरगावी मराठी. तेथे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय होते. या संस्थेची स्थापना १ ऑगस्ट १८९८ रोजी झाली. त्या वेळी मुंबईत ग्रंथालये नव्हती असे नाही. टाऊन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटीचा मोठा संग्रह होता. तिचे मूळ १८०४ सालच्या लिटररी सोसायटीत आहे. विद्यापीठाचे ग्रंथालयही होते. परंतु या ठिकाणी मान होता तो इंग्रजी ग्रंथांना आणि प्राच्यविद्येला. मराठीत छापलेले साधे पुस्तक, नाटक, मासिक, पंचांग हे जपून ठेवण्यासारखे आहे असे फारसे कोणाला वाटत नसे. ठाण्याला विनायक लक्ष्मण भावे आणि त्यांच्या मंडळींनी १८९३ साली केवळ मराठी पुस्तकांसाठी ग्रंथसंग्रहालय काढले, आणि पाच वर्षांनी मुंबईकरांनी तोच कित्ता गिरवला.

ही मंडळी किती दूरवरचा विचार करीत होती, ते एका शब्दावरून कळेल. १८६७ पर्यंत छापल्या गेलेल्या मराठी पुस्तकांना जाणकार 'दोलामुद्रिते' म्हणतात. मुद्रणकला पाळण्यात होती तेव्हाची पुस्तके, असा त्याचा अर्थ. १८६७ साली छापखान्यांचा आणि पुस्तकांच्या नोंदणीचा कायदा झाला आणि तेव्हापासून सरकारदरबारी पुस्तकांची नोंद राहू लागली. त्याआधीच्या पुस्तकांचा वाली कोणी नव्हता. ती शोधून, विकत घेऊन, मागून आणून जमवण्याचे काम या ग्रंथसंग्रहालयाने केले. पुढे १९४८ साली त्याच्या आश्रयाने मराठी संशोधन मंडळ निघाले. अ. का. प्रियोळकर त्याचे संचालक होते, आणि हिंदुस्थानातील मुद्रणकलेच्या इतिहासावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५८ साली या मंडळानेच प्रसिद्ध केला. संग्रह नसता, तर असा ग्रंथ लिहायला आधार कुठून मिळाला असता?

माझ्यासारख्या मुलाला मात्र दोलामुद्रितांची काय कल्पना असणार! मी कादंबऱ्या वाचण्यासाठी जात असे. वर्गणीबरोबर अनामत भरावी लागे. ती रक्कम वडिलांनी दोन हप्त्यांत जमवून दिली होती आणि "ही परत मिळते ना?" असे दोनदा विचारून घेतले होते.

'अनामत' या शब्दाचा येथे थोडा विचार करू. तो आला अरबीतील 'अमानत' या शब्दावरून. मुळात त्याचा अर्थ विश्वासाने सोपवलेली ठेव. अक्षरांची अदलाबदल होऊन मराठीत तो अनामत झाला. ग्रंथालयाच्या खिडकीवर उभे राहून पाहा: अर्ज, मुदत, तारीख, शिक्का, जामीन, हे सारे शब्द त्याच वाटेने मराठीत आले आहेत आणि आता अगदी घरचे झाले आहेत. गंमत अशी, की ग्रंथालयात अनामत द्यावी लागते ती वाचकाला. ग्रंथालय पुस्तक विश्वासाने सोपवते. पण पुरता विश्वास नसतो, म्हणून पैसे ठेवून घेते. यात ग्रंथालयाचे काही चुकते असे मला वाटत नाही. ओळख ना पाळख अशा माणसाच्या हाती दुर्मिळ पुस्तक कोण देईल?

असे देणारी ग्रंथालये एके काळी होती, याची साक्ष याकूत अल-हमवी या भूगोलकाराने ठेवली आहे. याकूत मूळचा ग्रीक वंशाचा. लहानपणी गुलाम म्हणून बगदादच्या एका व्यापाऱ्याने त्याला विकत घेतले, हिशेबासाठी शिकवले, आणि पुढे मुक्त केले. पोटासाठी तो हस्तलिखितांच्या नकला करी आणि पुस्तके विके. फिरत फिरत तो मध्य आशियातील मर्व शहरी पोचला. तेथे त्या वेळी वक्फ केलेली दहा ग्रंथालये होती. त्यांतील एकात सुमारे बारा हजार ग्रंथ होते, असे तो सांगतो. तो पुढे लिहितो, की आपल्या मुक्कामाच्या जागी कोणत्याही वेळी दोनशे किंवा त्याहून अधिक ग्रंथ असत, आणि त्यांतील बहुतेकांसाठी आपल्याकडून तारण म्हणून काहीही घेतले गेले नव्हते. एकेक ग्रंथ सरासरी एका दिनाराच्या किमतीचा. परदेशी, निर्धन, पूर्वीचा गुलाम, आणि त्याच्या खोलीत दोनशे दिनारांची पुस्तके! देशोदेशींच्या गावांचा त्याचा प्रचंड कोश बव्हंशी या उसन्या ग्रंथांवरून केलेल्या टिपणांतून उभा राहिला. १२१९ च्या सुमारास त्याला मर्व सोडावे लागले आणि १२२१ मध्ये मोंगोल सैन्याने ते शहर उद्ध्वस्त केले. ग्रंथालये गेली. ज्या ग्रंथांतून याकूतने उतरवून घेतले होते, त्यांपैकी कित्येकांचा मजकूर आज त्याच्या कोशातच काय तो उरला आहे.

याकूत ग्रंथालयापाशी गेला होता. पुस्तकाने वाचकाच्या गावी जावे, ही कल्पना मात्र फार उशिरा रुजली. १८७६ साली अमेरिकेतील वूस्टर येथील ग्रंथपाल सॅम्युअल ग्रीन यांनी ग्रंथपालांच्या मासिकाला पत्र लिहून सुचवले, की ग्रंथालयांनी एकमेकांना पुस्तके उसनी द्यावीत. १८९४ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील ग्रंथालयाने तशी पद्धत चालू केली. आपल्याकडे बडोद्याचे सयाजीराव महाराज या बाबतीत मागे नव्हते. १९१० साली त्यांनी बोर्डन नावाचे अमेरिकन ग्रंथपाल आणले आणि त्यांच्या काळात खेडोपाडी पुस्तकांच्या पेट्या पाठवणारी फिरती ग्रंथालये सुरू केली. ती आंतरग्रंथालयीन देवघेव नव्हती. परंतु वाचक खेड्यात आहे म्हणून त्याचा हक्क कमी होत नाही, हे त्या पेट्यांनी मान्य केले होते. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. वाचकाला हवे ते पुस्तक मिळवून देणे हे ग्रंथालयाचे कर्तव्य ठरते, असा त्यांतील एका नियमाचा आशय आहे. हे कर्तव्य एकट्या ग्रंथालयाने पार पाडणे अशक्य, हे उघडच आहे. मग दुसऱ्याचे दार ठोठावणे आले.

चाळीत वाटीभर साखर उसनी नेतात तसे हे नाही. साखर नेली की दुसरी साखर परत देता येते. पुस्तक मात्र नेले तेच परत द्यावे लागते, पानन्‌पान. म्हणून या व्यवहारात जामीन लागतो. पुण्याचे ग्रंथालय मुंबईच्या विद्यार्थ्याला ओळखत नाही, आणि त्याला ओळखण्याची गरजही नाही. त्याच्या वहीत नाव चढते ते विद्यापीठ ग्रंथालयाचे. पुस्तक हरवले, फाटले, भिजले, तर भरपाई देण्याची जबाबदारी मागणाऱ्या ग्रंथालयाची. विद्यापीठ कॉलेजला जबाबदार धरते आणि कॉलेज विद्यार्थ्याला. ज्याच्यापाशी ठेवायला पैसे नाहीत, अशा मुलासाठी एक मोठी संस्था जामीन राहते. मला स्वतःला या गोष्टीचे महत्त्व पैशाने कळले.

१९७८ साली मी एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. श्रीगोंद्याचे शेख महंमद या संतकवींवर मला एक निबंध लिहायचा होता. मुसलमान असून मराठीत 'योगसंग्राम' सारखा ग्रंथ लिहिणारा हा पुरुष. त्याच्याविषयी वाचताना आपल्याच घरातील एखादा विसरलेला वडीलधारा भेटावा तसे मला वाटे. ठाकूरद्वारला मला रा. चिं. ढेरे यांचे 'मुसलमान मराठी संतकवी' हे १९६७ साली निघालेले पुस्तक वाचायला मिळाले. पण अभ्यास करताना कुठेतरी एका जुन्या त्रैमासिकातील लेखाचा उल्लेख सापडला आणि मी अडलो. तो अंक मला मुंबईत कोठे मिळेना. कॉलेजच्या ग्रंथालयात विचारले, तर तेथील गृहस्थ म्हणाले, "पुण्याला जा आणि वाचून या." पुण्याला जायचे, राहायचे, जेवायचे, म्हणजे वडिलांच्या पगारातला केवढा भाग! मी विषय बदलण्याचा विचार करू लागलो होतो.

विद्यापीठ ग्रंथालयातील एका वृद्ध सहायकांनी मला वाचवले. राजाबाई टॉवरखालच्या त्या दालनात मी दुसऱ्याच कामासाठी गेलो होतो. ही इमारत वाचकांनी एकदा तरी आतून पाहावी. प्रेमचंद रायचंद यांनी ग्रंथालयासाठी आणि मनोऱ्यासाठी प्रत्येकी दोन लाख रुपये दिले आणि मनोऱ्याला आपल्या मातोश्रींचे, राजाबाईंचे, नाव मिळाले. आराखडा इंग्लंडातील जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. बांधकाम १८७८ मध्ये पुरे झाले. रंगीत काचांच्या उंच खिडक्यांतून दुपारचे ऊन टेबलांवर पडे आणि पुस्तकाचे पान क्षणभर तांबडे, क्षणभर निळे दिसे. मी चाचरत अडचण सांगितली. सहायकांनी एक छापील अर्ज पुढे केला आणि म्हणाले, "हा भर, तुझ्या ग्रंथपालांची सही आण, टपालखर्च दे. बाकी आम्ही पाहतो."

अर्ज मी भरला आणि त्यात एक मोठी चूक केली. टिपणात मी '१८५६' एवढाच आकडा उतरवून घेतला होता. तो मी वर्षाच्या रकान्यात जसाच्या तसा लिहिला. सहायकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "बाळ, १८५६ साली आपले हे विद्यापीठसुद्धा जन्मले नव्हते. हा शक आहे. अठ्ठ्याहत्तर मिळव." शके १८५६ म्हणजे इसवी सन १९३४-३५. अर्ज तसाच गेला असता, तर पुण्याहून "असा अंक नाही" एवढे उत्तर आले असते आणि मी ते खरे मानले असते. तेव्हापासून जुन्या मराठी संदर्भात मी प्रथम शक आहे की सन हे पाहतो, आणि उर्दू-फारसी संदर्भात हिजरी आहे का हे पाहतो. माझ्या अनुभवाने सांगतो, न मिळालेल्या पुस्तकांपैकी बरीचशी अस्तित्वात असतात. चुकलेला असतो तो अर्ज.

पाच आठवड्यांनी पोस्टकार्ड आले. खंड आला होता. घरी न्यायची परवानगी नव्हती. विद्यापीठ ग्रंथालयातच बसून वाचायचा होता आणि मुदत होती पंधरा दिवस, त्यांतले तीन पोस्टकार्ड येण्यातच गेले होते. चर्नी रोडहून गाडी पकडून मी चर्चगेटला उतरे, ओव्हल मैदान ओलांडे आणि बंद होण्याच्या वेळेपर्यंत लेख हाताने उतरवून घेई. खंडाच्या मागे चिकटवलेल्या तारीखपट्टीवर माझ्या आधीचा शिक्का अकरा वर्षांपूर्वीचा होता. अकरा वर्षे ते पुस्तक कोणी मागितले नव्हते, तरीही एका ग्रंथालयाने ते जपून ठेवले होते आणि दुसऱ्याने मागताच दोरी बांधून टपालात टाकले होते. माझा एकूण खर्च जाण्यायेण्याच्या टपालाचा. अनामत म्हणून कोणी माझ्याकडे एक पैसाही मागितला नाही.

आता असे कोणी म्हणेल, की पुस्तक कोणत्या ग्रंथालयात आहे हेच ठाऊक नसेल तर मागायचे कोणाकडे? प्रश्न रास्त आहे. या व्यवहाराचा खरा आधार सूची हा आहे, आणि सूची करणारांइतके उपेक्षित लोक विद्येच्या क्षेत्रात दुसरे नसतील. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील छापील मराठी पुस्तकांची सूची तयार केली आणि मग १९३८ ते १९५० या काळाची दुसरी. एका माणसाने ग्रंथालयांतून फिरून, पुस्तक हाती घेऊन, नोंद करायची; आणि त्या नोंदीच्या आधारावर पुढच्या पिढ्यांनी पदव्या मिळवायच्या! दात्यांची सूची उघडली नाही असा मराठीचा अभ्यासक मला माहीत नाही. दाते कोण होते हे सांगू शकणारे मात्र थोडेच भेटतात.

आपल्या समाजाशी अधिक जवळचे असे एक उदाहरण देतो. मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात अरबी, फारसी आणि उर्दू हस्तलिखितांचा मोलाचा संग्रह आहे. त्याची वर्णनात्मक सूची प्रा. शेख अब्दुल कादिर सरफराज यांनी केली आणि विद्यापीठाने ती १९३५ साली छापली. पुढे विख्यात कायदेपंडित आसफ अली असगर फैजी यांनी आपल्याजवळील इस्माइली हस्तलिखिते या ग्रंथालयाला दिली. त्या संग्रहाची सूची मुइझ गोरियावाला यांनी केली व ती १९६५ साली विद्यापीठाने प्रसिद्ध केली. या गोष्टीचे मोल समजून घ्यायला हवे. हे ग्रंथ पिढ्यान्‌पिढ्या खासगी पेट्यांत, कडीकुलपात राहिलेले होते. परक्याला ते दाखवण्याचीही रीत नव्हती. फैजींनी ते विद्यापीठात ठेवले, सूची छापली गेली, आणि परदेशातील अभ्यासकाला प्रथमच कळले की अमुक ग्रंथ मुंबईत आहे. हस्तलिखित टपालाने कोणी पाठवत नाही आणि पाठवूही नये. पण त्याचे छायाचित्र किंवा सूक्ष्मपट मागवता येतो. म्हणजे उसनवारीचा प्रवास दोन्ही दिशांनी होतो. आपण नेहमी मागणारेच असतो असे नाही. आपल्यापाशीही जगाला देण्यासारखे असते. आपल्या कित्येक घरांत आणि मशिदींत आजही जुन्या पोथ्या बासनात पडून आहेत. कोणत्या गावी काय आहे याची यादी होत नाही तोवर त्या असून नसल्यासारख्या.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोरच्या अंजुमन-ए-इस्लामच्या इमारतीतील करीमी लायब्ररीचाही येथे उल्लेख केला पाहिजे. अंजुमनची स्थापना १८७४ ची, बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांची. १९४७ साली तेथे उर्दू संशोधन संस्था निघाली आणि १९५० पासून 'नवा-ए-अदब' हे तिचे नियतकालिक निघू लागले. ठाकूरद्वारच्या मराठी मंडळींनी मराठीसाठी जे केले, तेच या मंडळींनी उर्दूसाठी केले. दोन्ही ठिकाणांमध्ये पायी अर्ध्या-पाऊण तासाचे अंतर आहे. मी दोन्हीकडे बसून वाचलेले आहे. एका ठिकाणचा वाचक दुसऱ्या ठिकाणी क्वचितच दिसे, ही मात्र खेदाची गोष्ट. शेख महंमदांवर लिहायचे तर दोन्ही दारे ठोठवावी लागतात.

या सोयीचे गुणगान करताना तिच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. शब्दकोश, विश्वकोश, नकाशे, दुर्मिळ ग्रंथ आणि चालू अंक सहसा बाहेर पाठवीत नाहीत. क्रमिक पुस्तकासाठी कोणी अर्ज करू नये. ते कॉलेजने घ्यायला हवे. परीक्षा पंधरा दिवसांवर आली असता अर्ज करणाऱ्याची तर कीव येते. काही ग्रंथालये पत्राला उत्तरच देत नाहीत. देणाऱ्या ग्रंथालयाला या कामातून मिळकत काही नाही. वाढतो तो ताप. शास्त्रविषयांच्या बाबतीत सरकारने १९५२ साली दिल्लीला 'इन्सडॉक' ही संस्था काढून लेखांच्या प्रती पुरवण्याची व्यवस्था केली. इंग्लंडात १९६२ साली बॉस्टन स्पा या ठिकाणी केवळ उसने देण्यासाठीच एक राष्ट्रीय ग्रंथालय उभे राहिले. मराठीसाठी आणि उर्दूसाठी असे कोणी केले नाही. आपल्या भाषांची उसनवारी अजूनही बऱ्याच अंशी एका ग्रंथपालाने दुसऱ्याला लिहिलेल्या पत्रावर चालते.

आता जे सांगणार आहे ते सांगताना मला संकोच वाटतो. पुढे मी शिक्षक झालो. माझ्या एका विद्यार्थिनीला सिराज औरंगाबादी यांच्या काव्यावर लिहायचे होते. मुलगी हुशार, घरची गरीब. वडिलांनी मोठ्या मिनतवारीने पदवीपुढे शिकू दिले होते. तिला लागणारी जुनी संपादित आवृत्ती हैदराबादच्या एका ग्रंथालयात होती. तिने मला विचारले. त्या दिवसांत माझ्या डोक्यावर परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचा ढीग होता. मी म्हणालो, "हैदराबादला कोणी नातेवाईक असेल तर बघ." ज्या माणसाला एका छापील अर्जाने तारले होते, त्याने हे उत्तर दिले! कॉलेजच्या त्या गृहस्थांनी मला जे सांगितले होते, त्याहून यात वेगळे काय होते? नातेवाईक कोणी नव्हते. एकट्या मुलीला हैदराबादला पाठवणे घरच्यांना शक्य नव्हते. तिने विषय सोडला, आणि वर्षाअखेरीस अभ्यासही. तिचे लग्न झाले, संसार चांगला चालला आहे, भेटली की आदराने सलाम करते आणि मुलांची चौकशी करते. त्या पुस्तकाविषयी ती कधी बोलली नाही, मीही नाही. पुस्तक आले असते तर ती पुढे शिकली असती असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. पण अर्ज तर गेला असता.

त्यानंतर काळ पुष्कळ बदलला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 'इन्फ्लिबनेट' या केंद्राने विद्यापीठांच्या ग्रंथालयांची एकत्रित सूची संगणकावर आणली. दिल्लीहून १९८८ मध्ये सुरू झालेल्या 'डेलनेट' या जाळ्यात देशभरची ग्रंथालये सामील आहेत आणि सभासद ग्रंथालये त्यावरून एकमेकांकडे पुस्तके मागतात. 'शोधगंगा' या भांडारात पीएच. डी.चे असंख्य प्रबंध घरबसल्या वाचता येतात. पूर्वी प्रबंध पाहायचा तर त्या त्या विद्यापीठात जाऊन बसावे लागे. राजाबाई टॉवरची इमारत २०१५ मध्ये दुरुस्त होऊन पुन्हा झळाळली. हे सारे चांगलेच झाले. तरीही शके १८५६ चा तो अंक किंवा हैदराबादेत छापलेला तो दिवाण हवा असेल, तर संगणकाच्या पडद्यावर पुष्कळदा नुसते नाव दिसते. पुढचे काम त्या जुन्या अर्जानेच होते.

तेव्हा विद्यार्थ्यांनी आणि विशेषतः पालकांनी लक्षात ठेवायच्या काही गोष्टी सांगून लेखणी ठेवतो. पुस्तक कॉलेजात नाही असे कळले, की ग्रंथपालांना आंतरग्रंथालयीन देवघेवीविषयी स्पष्ट शब्दांत विचारावे. नकार आला तर प्राचार्यांना भेटावे. यात उद्धटपणा नाही. पुस्तकाची माहिती पुरी द्यावी: लेखकाचे पूर्ण नाव, पुस्तकाचे नाव, आवृत्ती, प्रकाशक, गाव, वर्ष. लेख हवा असेल तर नियतकालिकाचे नाव, वर्ष, अंक आणि पृष्ठे. संदर्भ कोठे सापडला तेही लिहावे, म्हणजे चूक असली तर ग्रंथपालाला शोधता येते. शक, हिजरी, इसवी यांतले काय आहे ते नोंदवावे. संपूर्ण पुस्तक नको असेल तर हव्या त्या पानांची प्रत मागावी. ती लवकर येते. अर्ज जूनमध्ये करावा, जानेवारीत नव्हे. पुस्तक आल्यावर त्यावर पेन्सिलनेही खूण करू नये, आणि मुदत वाढवून हवी असेल तर ती संपण्याच्या आधी मागावी, नंतर नव्हे. मुलगी असेल तर वडिलांनी किंवा भावाने एकदा तिच्याबरोबर फोर्टला किंवा कालिन्याला जावे, जागा पाहावी. दुसऱ्या खेपेला ती एकटी जाईल.

छापील अर्ज कॉलेजात नसेल, तर साध्या कागदावर लिहून दिला तरी चालतो. तोही कसा लिहावा हे कोणाला विचारायचे असेल, तर शाळेच्या सुट्टीखेरीज रोज दुपारी तीन ते पाच मी संस्थेच्या वाचनालयात बसतो.